सदतिसाव्या कॉलममधला फिल्टर

प्रश्न: आमच्या एक्सेल शीटमध्ये साधारण 18,000 ओळी आणि 42 कॉलम आहेत. आम्ही तिघं ती वापरतो. दिवसभरात कोणी ना कोणी कुठल्या तरी कॉलमला फिल्टर लावतं आणि काढायचं राहून जातं. मागच्या महिन्यात मी शीटवरची बेरीज उचलून अहवालात टाकली. नंतर कळलं की पार उजवीकडे, 37व्या कॉलमला फिल्टर लागलेला होता आणि 2,600 ओळी बेरजेत आल्याच नव्हत्या. त्याआधी एकदा फिल्टर असताना पेस्ट केलं, तर आकडे भलत्याच ओळींत जाऊन बसले. कोणकोणत्या कॉलमला फिल्टर लागलाय हे एका जागी दिसायची सोय आहे का? नसेल तर आम्ही काय करावं?

उत्तर: तशी सोय एक्सेलमध्ये नाही. लागलेल्या फिल्टरांची यादी कुठल्याही मेनूत मिळत नाही, आणि 'या कॉलमला फिल्टर आहे का' हे सांगणारं एकही फंक्शन नाही. खुणा मात्र आहेत, पण त्या शीटभर विखुरलेल्या आहेत. तुमच्या बाबतीत घोळ झाला तो खूण स्क्रीनच्या बाहेर असल्यामुळे. म्हणून दोन गोष्टी करायच्या. फिल्टर लागलाय हे शीटनं स्वतःहून, डोळ्यासमोर सांगायला हवं. आणि अहवालातली बेरीज फिल्टरवर अवलंबून असता कामा नये. यातली दुसरी जास्त महत्त्वाची आहे, पण ती समजायला पहिली आधी पाहू.

फिल्टर लागला की डाव्या कडेचे ओळींचे क्रमांक निळे होतात. शीट उघडल्याबरोबर पहिली नजर तिकडे जाऊ द्या, कारण तुम्ही कितीही उजवीकडे सरकलात तरी ते क्रमांक समोरच असतात. क्रमांक मध्येच तुटलेत, म्हणजे 11 नंतर थेट 26, पण रंग काळाच आहे, तर त्या ओळी फिल्टरनं नाही, कोणीतरी हातानं लपवल्या आहेत किंवा ग्रुप करून मिटल्या आहेत. हा फरक लक्षात ठेवा, उपाय वेगळा आहे.

दुसरी खूण डेटा टॅबवर. तिथलं 'क्लिअर' बटण फिकट असेल तर फिल्टर लागलेला नाही. उठून दिसत असेल तर कुठेतरी फिल्टर आहे, किंवा नुसतं सॉर्ट केलेलं आहे. तुमचा डेटा कंट्रोल + टी करून 'टेबल' केलेला असेल तर आधी टेबलमधल्या एखाद्या सेलवर क्लिक करा. बाहेर उभं राहून पाहिलंत तर ते बटण टेबलबद्दल काहीच सांगत नाही.

तिसरी खूण खालच्या स्टेटस बारमधली: इतक्यांपैकी इतके रेकॉर्ड सापडले. हिच्यावर विसंबू नका. फिल्टर लावल्यावर ती दिसते, आणि पुढचं काही काम केलं की निघून जाते किंवा तिच्या जागी नुसतं 'फिल्टर मोड' येतं.

आता नेमका कॉलम. हेडरमधल्या बटणावर बाणाच्या जागी नरसाळ्याचं चिन्ह आलं की तो कॉलम फिल्टर झालाय. नरसाळ्यावर क्लिक न करता माउस नुसता टेकवा, लावलेली अट छोट्या चौकटीत वाचता येते. एका ठिकाणी नजर फसते: कॉलम नुसता सॉर्ट केला तरी बटणावर उभा छोटा बाण येतो. तो फिल्टर नव्हे. नरसाळं आणि बाण दोन्ही असतील तर दोन्ही केलेलं आहे. चिन्हं बारीक दिसत असतील तर हेडरच्या सेलवर जाऊन ऑल्ट + खालचा बाण दाबा. उघडलेल्या यादीत 'क्लिअर फिल्टर फ्रॉम' हा पर्याय चालू दिसला, तर गुन्हेगार सापडला. तिथेच सी दाबलं की फक्त त्या कॉलमचा फिल्टर निघतो, बाकीचे राहतात.

कितीही शोधलं तरी नरसाळं दिसत नाही आणि क्रमांक मात्र निळेच, असंही होतं. अशा वेळी तो कॉलमच लपवलेला असतो. कॉलम लपवला म्हणून त्याचा फिल्टर उतरत नाही. सगळे कॉलम निवडून अनहाइड करा, किंवा सरळ डेटा टॅबवरचं क्लिअर दाबा, ते लपलेल्या कॉलमलाही लागू होतं. एकाच शीटवर दोन टेबलं शेजारी शेजारी असतील तर आणखी एक गंमत नसलेली गोष्ट घडते: फिल्टर पूर्ण ओळ लपवतो, त्यामुळे डाव्या टेबलचा फिल्टर उजव्या टेबलचा डेटाही दडवतो, आणि उजव्या टेबलच्या हेडरवर त्याची काहीच खूण नसते. टेबलं एकाखाली एक किंवा वेगळ्या शीटवर ठेवा.

या सगळ्या खुणा माणसानं बघायच्या आहेत, आणि घाईत माणूस बघत नाही. म्हणून शीटवरच एक मोजणी बसवा. दहा मिनिटांचं काम आहे.

डेटाच्या वर दोन ओळी घाला. पहिली मोजणीसाठी, दुसरी कोरी. हेडर तिसऱ्या ओळीत, डेटा चौथीपासून. मधली कोरी ओळ सोडायची, नाहीतर एक्सेल मोजणीच्या ओळीलाच हेडर धरू शकतं. डावीकडचा कॉलम असा घ्या ज्यात एकही सेल रिकामा नाही: अनुक्रमांक, नोंद क्रमांक, जे असेल ते. मग हे तीन फॉर्म्युले लिहा (टाइप करताना फंक्शनची आणि सेलची नावं अर्थातच रोमन अक्षरांत):

ए1 मध्ये: =सबटोटल(103,ए4:ए50000)
बी1 मध्ये: =काउंटए(ए4:ए50000)
सी1 मध्ये: =इफ(ए1=बी1,"सर्व ओळी दिसत आहेत","फिल्टर चालू, लपलेल्या ओळी: "&(बी1-ए1))

सबटोटल फक्त दिसणाऱ्या ओळी मोजतं, काउंटए सगळ्या. दोन्ही जुळले की सगळं उघडं आहे. 103 च्या जागी 3 लिहिलं तरी फिल्टरनं लपलेल्या ओळी वगळल्या जातात, पण हातानं लपवलेल्या मोजल्या जातात. आपल्याला दोन्ही पकडायच्या आहेत, म्हणून 103. रेंज 50,000 पर्यंत अशासाठी की नव्या ओळी आल्या तरी फॉर्म्युल्याला हात लावायला नको. रिकामे सेल दोन्हीकडे मोजले जात नाहीत.

सी1 ला कंडिशनल फॉरमॅटिंग द्या: ए1 आणि बी1 वेगळे असतील तर लाल पार्श्वभूमी. शेवटी डी4 वर उभं राहून व्ह्यू टॅबवरून फ्रीझ पेन्स करा. वरच्या तीन ओळी आणि डावीकडचे तीन कॉलम गोठतील, आणि ती लाल पट्टी तुम्ही 37व्या कॉलमवर असा की अठरा हजाराव्या ओळीवर, समोरच राहील. मोजणी डी किंवा त्यापुढच्या कॉलमात ठेवलीत तर आडवं सरकल्यावर ती निघून जाईल आणि पुन्हा तीच गत होईल.

ही व्यवस्था कुठे चुकते तेही सांगायला हवं. ज्यात रिकामे सेल आहेत असा कॉलम मोजणीला घेतला आणि फिल्टरनं नेमक्या त्याच रिकाम्या ओळी लपवल्या, तर दोन्ही आकडे जुळतील आणि पट्टी शांत राहील. कॅल्क्युलेशन मॅन्युअलवर असेल तर एफ9 दाबेपर्यंत आकडा शिळा असतो. मोठ्या शीटवर वेग वाढावा म्हणून कोणीतरी हे मॅन्युअल करून ठेवतं, ते तपासा. आणि मोजणीची ओळ डेटाच्या खाली ठेवू नका. शेवटच्या ओळीत सबटोटल दिसलं की एक्सेल तिला एकूण बेरजेची ओळ समजून फिल्टरमधून वगळतं. शिवाय 18,000 ओळींच्या तळाशी जाऊन ती बघणार कोण?

पट्टी 'फिल्टर आहे' एवढंच सांगते, 'कुठे' ते नाही. ते शोधणं सोपं करायला कॉलमांची मांडणी बदला. 42 कॉलम असले तरी फिल्टर लावायची वेळ सहा-सातांवरच येते. ते उचलून डावीकडे, एकापाठोपाठ एक आणा, म्हणजे नरसाळं शोधायला सहा हेडर पाहायचे, बेचाळीस नाही. कॉलम निवडून शिफ्ट धरून कडेनं ओढला की तो दोन कॉलमांच्या मध्ये जाऊन बसतो, कॉपी-पेस्ट लागत नाही आणि फॉर्म्युले त्याच्यामागे जातात. व्हीलुकअप (दुसऱ्या यादीतून मूल्य शोधून आणणारं फंक्शन) मात्र तपासा: त्यात कॉलमचा क्रमांक आकड्यात लिहिलेला असतो आणि तो आपोआप बदलत नाही.

इथे एक युक्ती बरेच जण सांगतात, ती करू नका. पहिले सहा कॉलम निवडून तेवढ्यांनाच फिल्टरची बटणं लावता येतात आणि दिसायला सुटसुटीत वाटतं. पण त्या बटणातून कोणी सॉर्ट केलं की फक्त ते सहा कॉलम हलतात. उरलेले 36 जागच्या जागी राहतात आणि प्रत्येक ओळीची डावी-उजवी बाजू एकमेकांपासून तुटते. सेव्ह करून बंद केल्यावर लक्षात आलं तर ते जुळवणं जवळजवळ अशक्य असतं. फिल्टर पूर्ण रुंदीला लावा, किंवा त्याहून बरं म्हणजे टेबल करा. टेबलमध्ये खाली सरकलात तरी वरच्या ए, बी, सीच्या जागी हेडरची नावं बटणांसकट येतात, आणि नव्या ओळी आपसूक सामावल्या जातात. साध्या रेंजमध्ये फिल्टर लावताना मध्ये एक जरी कोरी ओळ असली तर एक्सेल तिथेच थांबतं. खालच्या ओळी फिल्टरच्या बाहेर राहतात आणि कुठलीही अट लावली तरी दिसतच राहतात.

दोन-तीन कॉलम असे असतील की ज्यात मोजकीच मूल्यं आहेत (स्थिती, विभाग, प्रकार) तर टेबलवर स्लायसर, म्हणजे क्लिक करून फिल्टर लावायच्या बटणांची चौकट, लावा. 2013 च्या आवृत्तीपासून ते साध्या टेबलांनाही लागतात. काय निवडलंय ते रंगानं दिसतं आणि फिल्टर लागलेला असला की कोपऱ्यातलं काढून टाकायचं चिन्ह चालू होतं. तो हेडरच्या वरच्या गोठलेल्या भागात ठेवा, पहिल्या ओळीची उंची वाढवून. डेटाच्या ओळींवर ठेवलात तर त्या ओळी लपल्या की तोही चेपतो. बेचाळीसच्या बेचाळीस कॉलमांना स्लायसर हा काही उपाय नव्हे.

मॅक्रोनं (एक्सेलमध्ये चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामनं) फिल्टर लागलेल्या कॉलमचं हेडर रंगवता येतं. फिल्टर बदलल्याची वेगळी सूचना एक्सेल मॅक्रोला देत नाही, म्हणून वरचं सबटोटल पुन्हा मोजलं गेलं की मॅक्रो चालेल असं जोडावं लागतं. चालतं ते, पण मॅक्रोनं शीटला हात लावला की अनडूची यादी पुसली जाते, आणि ज्याच्याकडे मॅक्रो बंद आहेत त्याला जुनाच रंग दिसतो. तिघांच्या शीटसाठी ते माझ्या मते नको.

आता बेरीज, म्हणजे तुमचं खरं नुकसान. फिल्टर लावलेल्या यादीखाली ऑटोसम दाबलं की एक्सेल सम नाही, सबटोटल लिहितं, पहिला आकडा 9. ही बेरीज दिसणाऱ्या ओळींचीच. तुमच्या शीटवर बहुधा हीच आहे. स्क्रीनवर चाळता चाळता आकडा बघायला ती छान आहे, अहवालात उचलायला नाही. कारण तिचं उत्तर तिच्याआधी शीट कोणी हाताळली त्यावर ठरतं. साधं सम सगळ्या ओळी मोजतं, लपलेल्यासुद्धा. काउंटइफ आणि पिव्हट टेबललाही (डेटाचा सारांश काढणारा तक्ता) फिल्टरशी देणंघेणं नसतं. उलट चार्ट, वेगळं सांगितलं नसेल तर, दिसणाऱ्या ओळीच काढतो. म्हणजे एकाच वेळी तुमच्या शीटवर काही आकडे फिल्टर मानतात आणि काही मानत नाहीत, आणि दिसायला सगळे सारखेच.

अहवालासाठी वेगळी शीट करा. तिथे अटी सेलमध्ये उघड्या लिहा: बी2 मध्ये विभाग, बी3 मध्ये सुरुवातीची तारीख, बी4 मध्ये शेवटची. बेरीज समइफ्सनं घ्या. त्यात आधी बेरजेची रेंज, मग जोड्या: रेंज आणि तिची अट. तारखेची अट ">="&बी3 अशी, चिन्ह अवतरणात आणि सेल बाहेर. सगळ्या रेंज सारख्याच लांबीच्या हव्यात. एक 4 पासून आणि दुसरी 3 पासून सुरू झाली तर व्हॅल्यूची एरर येते, आणि ते बरंच, निदान चूक कळते. मूळ शीटवर कोणी कितीही फिल्टर लावो, हा आकडा हलत नाही, आणि तो कुठल्या अटींवर आला ते वर लिहिलेलंच असतं. 2021 ची आवृत्ती किंवा 365 असेल तर फिल्टर फंक्शननं त्याच अटींच्या ओळीही अहवालाच्या शीटवर काढता येतात. उत्तर पसरायला खालचे आणि उजवीकडचे सेल रिकामे हवेत एवढंच.

अहवालाची शीट नको असेल तर ॲडव्हान्स्ड फिल्टर बघा. जुना आहे, फारसं कोणी वापरत नाही, पण तुमच्या प्रश्नाला तो सर्वात जवळ जातो, कारण त्यात अटींची यादी शीटवरच लिहिलेली असते. हेडरची नावं अक्षरशः तशीच एका ओळीत लिहायची आणि खाली अटी. एकाच ओळीतल्या अटी 'आणि', वेगवेगळ्या ओळींतल्या 'किंवा'. अटींच्या रेंजमध्ये एक कोरी ओळ निवडली गेली तर सगळा डेटा दिसतो, कारण कोरी ओळ म्हणजे अटच नाही. नुसता शब्द लिहिला तर त्या शब्दानं सुरू होणारं सगळं येतं. आणि अट बदलली की फिल्टर पुन्हा चालवावा लागतो.

फिल्टरच्या आणखी दोन सवयी माहीत असू द्या. यादीत एका नावावरची टिक काढली की आपल्याला वाटतं 'हे सोडून सगळं'. एक्सेल मात्र टिक असलेल्यांची यादी लक्षात ठेवतं. उद्या नवं मूल्य आलं आणि फिल्टर पुन्हा लागू केला, तर ते त्या यादीत नसल्यानं लपतं. 'सोडून' म्हणायचं असेल तर टेक्स्ट फिल्टरमधलं 'डझ नॉट इक्वल' वापरा. दुसरी सवय: सेलमधलं मूल्य बदललं म्हणून फिल्टर स्वतःहून ताजा होत नाही. अटीत न बसणारी ओळ तशीच दिसत राहते. कंट्रोल + ऑल्ट + एल दाबा. 'आज' किंवा 'या आठवड्यात' असा तारखेचा फिल्टर लावून ठेवला असेल तर रोज सकाळी हे करायलाच हवं.

तिघं वापरत असाल तर प्रत्येकाचं दृश्य वेगळं करा. फाइल वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंटवर आणि एक्सेल 365 असेल, तर व्ह्यू टॅबवर शीट व्ह्यूमध्ये 'न्यू' दाबा. ओळी-कॉलमांच्या पट्ट्या काळ्या होतात, शीटच्या नावाशेजारी डोळ्याचं चिन्ह येतं, आणि तिथं लावलेला फिल्टर फक्त तुमच्यापुरता. गूगल शीट्समध्ये यालाच फिल्टर व्ह्यू म्हणतात, डेटा मेनूत आहे. दोन्हीकडे व्ह्यूला नाव द्या, आणि नाव माणसाचं नको, अटीचं द्या: 'प्रलंबित, 30 दिवसांपुढे'. व्ह्यू वेगळा असला तरी डेटा एकच आहे. सेलमध्ये केलेला बदल सगळ्यांना लागू.

राहिलं पेस्ट. समजा फिल्टरनंतर ओळ 5, 18 आणि 42 दिसतायत. तुम्ही दुसरीकडून तीन सेल कॉपी करून 5 वर पेस्ट केलेत, तर आकडे जातात 5, 6 आणि 7 मध्ये. 6 आणि 7 लपलेल्या, त्यामुळे दिसतो एकच आणि आधीचे दोन आकडे गुपचूप मिटतात. सगळ्या दिसणाऱ्या ओळींत एकच मूल्य भरायचं असेल तर सेल निवडून ऑल्ट + अर्धविराम दाबा, मूल्य टाइप करा आणि कंट्रोल + एंटर. ते फक्त दिसणाऱ्यांतच जातं. वेगवेगळी मूल्यं भरायची असतील तर फिल्टर काढा, अनुक्रमांकाचा कॉलम असल्याची खात्री करा, हव्या ओळी सॉर्ट करून एकत्र आणा, पेस्ट करा आणि अनुक्रमांकानं पुन्हा पूर्ववत लावा.

मागच्या वेळी मिटलेले आकडे अजून शीटमध्ये चुकीचे असणार, ते तसेच सोडू नका. फाइल वनड्राइव्हवर असेल तर फाइल, इन्फो, व्हर्जन हिस्टरीतून त्या दिवसाआधीची प्रत वेगळ्या नावानं उघडा. नसेल तर जुना बॅकअप शोधा. सध्याच्या शीटमध्ये एका मोकळ्या कॉलमात नोंद क्रमांकावरून जुन्या प्रतीतलं मूल्य व्हीलुकअपनं आणा (चौथ्या जागी फॉल्स लिहून, म्हणजे नेमकाच क्रमांक जुळेल) आणि शेजारच्या कॉलमात दोन्हींची तुलना करा. जिथे फरक दिसेल त्यातले काही बदल खरे असतील. पण सलग क्रमांकाच्या ओळींत, एकाच कॉलममध्ये फरकांचा पट्टा दिसला, तर पेस्ट तिथेच पडलेलं आहे.